वारल्यांच्या मुलखात चित्रकलेचा तास

दोन त्रिकोणांची टोके एकमेकांना भिडवून उभी केलेली वारली चित्रांतील ती पांढरी माणसे आज कोठे नाहीत? साड्यांवर आहेत, कपबश्यांवर आहेत, सरकारी कचेऱ्यांच्या कुंपणभिंतींवर आहेत आणि परदेशांतील संग्रहालयांतही तारप्याभोवती फेर धरून उभी आहेत. २०१४ साली या चित्रशैलीला भौगोलिक मानांकनही मिळाले. मात्र ही माणसे ज्या मुलखातून निघाली, त्या डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील अनेक शाळांत चित्रकलेचा तास घेण्यास माणूस मिळत नाही. मिळत नाही म्हणण्यापेक्षा नेमला जात नाही, असे म्हणणे अधिक बरोबर होईल.

हे एका दिवसात घडलेले नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांचे अंशकालीन निदेशक द्यावेत असे ठरविले, परंतु त्यास एक अट घातली. या वर्गांतील पटसंख्या शंभरावर असली पाहिजे. शहरातील शाळेस ही अट जाणवतही नाही. पाड्यापाड्यांत विखुरलेल्या वस्तीत तिचा अर्थ निराळा होतो. दोन टेकड्यांमधील शाळेत तीन वर्ग मिळून साठ मुले असली, तर कायद्याच्या दृष्टीने त्या साठ मुलांना चित्रकलेची गरज उरत नाही. पुढे ऑक्टोबर २०१५ मध्ये शासन निर्णय निघाला आणि कला, क्रीडा व कार्यानुभव या विषयांसाठी अतिथी निदेशक बोलावण्याची वाट मोकळी झाली. मानधन ठरले तासिकेला पन्नास रुपये. तलासरीहून उधव्याला किंवा डहाणूहून सायवनला दोन तासिकांसाठी जाऊन यावयाचे, तर वाटखर्च वजा जाता हाती काय उरेल, याचा हिशेब ज्याने तो आकडा लिहिला त्याने केला असेल असे वाटत नाही.

माध्यमिक शाळांत पूर्वीपासून असलेले कलाशिक्षक एकेक करून निवृत्त होत आहेत आणि त्यांची जागा भरण्याचा प्रश्न संचमान्यतेच्या कागदांत अडकून पडतो. जे उरले आहेत त्यांच्या वाट्याला चित्रकलेखेरीज सारे येते. स्वागताचे फलक, स्नेहसंमेलनाचा पडदा, पाहुण्यांच्या पुढ्यातील रांगोळी आणि निवडणुकीचे काम, ही सारी कामे करावयास त्यांच्याइतका सोयीचा माणूस शाळेत दुसरा नसतो. रंगकामाच्या साहित्याला पैसे मागावयास गेले, की वेतनेतर अनुदानाची जुनी रडकथा ऐकावी लागते.

अशा अवस्थेत हा विषय या भागात अद्याप जिवंत आहे तो शिक्षकांच्या आपसांतील देवघेवीवर. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांच्या दिवसांत हे विशेष दिसते. शंभर वर्षांहून अधिक काळ चालत आलेल्या या परीक्षा खेड्यातील मुलाला चित्रकलेचा पहिला आणि बहुधा शेवटचा दाखला देतात. इंटरमीजिएटच्या श्रेणीप्रमाणे दहावीला सात, पाच किंवा तीन वाढीव गुण मिळतात, म्हणून त्यांस बसणाऱ्यांची संख्या कमी नसते. ज्या शाळेत शिक्षक नाही तेथील मुलांची नावे शेजारच्या शाळेचा शिक्षक आपल्या यादीत घेतो. रविवारी त्यांना बोलावून वस्तुचित्र आणि स्मरणचित्र करवून घेतो, अक्षरलेखनाच्या रेघा आखून देतो. स्थिरचित्रासाठी लागणारी सुरई, किटली, रंगीत कापडाचा तुकडा या शाळेतून त्या शाळेत हिंडतो. कागदांचे गठ्ठे एकत्र विकत आणून वाटून घेतले जातात, जुन्या प्रश्नपत्रिका भ्रमणध्वनीवरून फिरतात. निवृत्त झालेला एखादा गुरुजी नव्या माणसाच्या गैरहजेरीत वर्ग सांभाळून देतो. यांपैकी कशाचीही नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही.

या देवघेवीचे कौतुक करावे तितके थोडेच आहे, आणि नेमका तेथेच धोका आहे. ज्या कामाला पैसा न देताही ते पार पडते, त्या कामाला पैसा देण्याची निकड कोणत्याही खजिन्यास भासत नाही. निकाल लागतो, मुलांना गुण मिळतात, प्रदर्शनात चित्रे टांगली जातात आणि वरिष्ठांस सारे सुरळीत चालल्याचे दिसते. शिक्षकाचे औदार्य त्याच्याच विरुद्ध पुरावा म्हणून उभे राहते.

या युक्तिवादावर लगोलग एक आक्षेप येतो, आणि तो याच भूमीतील आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. पाड्यावरच्या अंगणात अंगणवाडी भरविली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. शंख, शिंपले, बिया, पाने, माती यांतून त्यांनी शिकविण्याची साधने उभी केली. मग आजच्या शिक्षकास रंगपेट्यांची आणि अनुदानाची तक्रार का असावी? आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. परंतु कोसबाडच्या प्रयोगात स्वस्त होते ते साहित्य. माणूस स्वस्त नव्हता. दोन असामान्य बायांनी आपले उभे आयुष्य त्या कामात घातले आणि सोबत कार्यकर्त्या तयार केल्या. बिया आणि शिंपले पुष्कळ मिळतात. ते मुलापुढे मांडून बसणारा, त्याची पहिली वाकडी रेघ पाहून पुढची कोणती हे सुचविणारा माणूस रोजच्या रोज तेथे असावा लागतो. त्यागी माणसांचे उदाहरण सरकारने काटकसरीसाठी वापरावे, हा त्यांचा गौरव नव्हे.

वारली चित्रकलेचा स्वतःचा इतिहासही हेच सांगतो. लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने लिहिण्याचे काम सुवासिनींचे. सत्तरच्या दशकाच्या आरंभी हस्तकला मंडळाच्या वतीने मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले, तेव्हा त्यांनी कागद आणि रंग पुढे केले. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांची चित्रे त्यातून जगापुढे आली. म्हशे यांना १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते निवर्तले. प्रतिभा अर्थातच त्यांची स्वतःची होती. पण तिला ओळखणारा, कागद देऊन पुन्हा पाहावयास येणारा एक माणूस कोणीतरी पगार देऊन पाठविला होता, ही गोष्ट विसरता येत नाही.

काटकसरीची ही कहाणी केवळ येथील नाही. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात १९७८ साली मालमत्ता कराला मर्यादा घालण्यात आली आणि त्या धक्क्याने शाळांतील कला व संगीताचे शिक्षक मोठ्या संख्येने गेले. ती चूक दुरुस्त करण्यास तेथील मतदारांना चव्वेचाळीस वर्षे लागली. २०२२ मध्ये त्यांनी कलाशिक्षणासाठी स्वतंत्र निधी मंजूर केला, आणि मोठ्या शाळा-विभागांनी त्यातील ऐंशी टक्के रक्कम माणसे नेमण्यावरच खर्चावी अशी अट घातली. तेवढा श्रीमंत मुलूखही अखेर साहित्याकडून माणसाकडेच वळला.

येथे काय करता येईल? पहिली गोष्ट मोजण्याच्या पद्धतीची. पट शाळेवार न मोजता केंद्रवार मोजला, तर डहाणू-तलासरीतील एकही केंद्र शंभराच्या अटीखाली सापडणार नाही. केंद्रातील चार-पाच शाळांना मिळून एक पूर्णवेळ, पूर्ण वेतनाचा कलाशिक्षक दिला, तर आज रविवारी चोरून होणारे काम सोमवारी उजळ माथ्याने होईल. त्याच्या जोडीस पाड्यावरच्या चित्रकार स्त्रीपुरुषांना बोलवावे. त्यांच्याजवळ पदविका नसेल. पण ज्या बाईने वीस लग्नांचे चौक लिहिले तिला वर्गात पाऊल ठेवण्यास कागदाचा परवाना मागणे हास्यास्पद आहे, आणि तिच्या तासाचे मोल पन्नास रुपये करणे त्याहून हास्यास्पद.

दुसरी गोष्ट शिक्षकांच्या हातची आहे. हे दोन्ही तालुके पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के अबंध निधी येथील ग्रामपंचायतींकडे थेट येऊ लागला आणि त्यातून शिक्षणावर खर्च करण्यास मुभा ठेवण्यात आली. राज्याने आपली जबाबदारी ग्रामसभेवर ढकलावी असे यातून कोणी समजू नये. तरीही पाड्यावरच्या चित्रकाराचे मानधन ठरविण्याचा अधिकार गावाकडे असणे हे काही वाईट नाही. किटली आणि सुरई वाटून घेणाऱ्या शिक्षकांनी आता आपली यादीही एकत्र करावी. कोणत्या शाळेत किती वर्षे जागा रिकामी आहे, किती मुले दुसऱ्या शाळेच्या नावाने परीक्षेस बसली, कागदासाठी कोणाच्या खिशातून किती गेले, हे सारे लिहून काढावे. ती यादी एकेकट्याने मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवण्यात अर्थ नाही. दोन्ही तालुक्यांतील कलाशिक्षकांनी मिळून ती पंचायत समितीकडे आणि प्रकल्प कार्यालयाकडे न्यावी, आणि पुढील ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर चढवावी.