पन्नास हजारांचा अंगठा

२०२५ च्या उन्हाळ्यात शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्याजवळील एका हॉटेलात आमच्यासमोर एक ‘तडजोड’ झाली. वाळूजच्या एका लहानशा शेडमध्ये प्रेसवर काम करणाऱ्या पंचवीस वर्षांच्या तरुणाचा उजव्या हाताचा अंगठा मुळापासून गेला होता. मालकाच्या माणसाने पन्नास हजार रुपये टेबलावर ठेवले व स्टॅम्पपेपर पुढे सरकवला : यापुढे माझी कोणतीही मागणी नाही. सही करता येईना, म्हणून डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. आईने पैसे देणाऱ्यालाच हात जोडले. मध्यस्थ म्हणून बसलेले आम्ही, सांगावयास लाज वाटते, ‘मिटले एकदाचे’ म्हणून चहा प्यालो.

हिशेब आम्ही नंतर केला. शेडमध्ये कामगार सातच. तेथे कर्मचारी राज्य विमा योजना लागू नव्हती, म्हणून भरपाईचा भार थेट मालकावर. पगार १०,००० रुपये. १९२३ च्या भरपाई कायद्यानुसार त्याचे ६० टक्के म्हणजे ६,०००. पंचवीस वर्षे वयाचा गुणक २१६.९१, गुणाकार १३,०१,४६०. संपूर्ण अंगठा गेल्यास कमाईची शक्ती ३० टक्के घटली असे कायदा धरतो. म्हणजे ३,९०,४३८ रुपये. त्याला मिळाला जेमतेम आठवा हिस्सा, तोही उपकार म्हणून!

आणि तो कागद? हक्क सोडून देणारा असा करार कलम १७ ने मुळातच रद्दबातल ठरविला होता. तडजोडीस बंदी नव्हती. पण ती आयुक्तांकडे नोंदवावी लागे आणि रक्कम अपुरी दिसल्यास ते नोंद नाकारू शकत. नोंदीसाठी करार पाठविलाच नाही, तर मालकाने पूर्ण भरपाई द्यावयाची आणि आधी दिलेल्या पैशांपैकी निम्म्याहून अधिक वजा करता येत नसे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. ही जबाबदारी मात्र संपलेली नाही.

‘कोर्टाची पायरी कोण चढणार? मालक भला आहे, निदान काही तरी दिले,’ असे आपल्यातीलच वडीलधारे म्हणतात. भलेपणाचा येथे संबंध काय? किराणा दुकानदाराची उधारी फेडणाऱ्याला आपण दानशूर म्हणत नाही. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूजच्या हातमोजे कारखान्याला आग लागून सहा कामगार दगावले, तेव्हा शासनाने वारसांना ५ लाखांची मदत जाहीर केली. ती योग्यच होती. पण ती शासनाची मदत, मालकाचे देणे नव्हे. मृत्यूची भरपाई तर वारसांच्या हाती परस्पर न देता आयुक्तांकडेच जमा करावी, असे कायदा सांगत होता. शोकात बुडालेल्या विधवेकडून कोणीही कशावरही अंगठा घेऊ शकतो, हे तो कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते.

आपल्या धर्मग्रामात अशा जखमीसाठी वर्गणी जमते, प्रार्थना होते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या श्रमविषयक परिपत्रकात कामावरील अपघाताचा विमा हा कामगारांच्या हक्कांत मोजला आहे, दानात नव्हे. वर्गणी जमवून आपण मालकाचीच थैली राखत नाही ना?

तो तरुण आता शहागंजात कापडाचे गठ्ठे उतरवतो. दोरीची गाठ दातांनी आवळतो. दाव्याची दोन वर्षांची मुदत अजून उलटलेली नाही. त्या कागदाची प्रत मालकाकडे आहे. ती मागावयास आम्ही पुढील सोमवारी त्याच्यासोबत जात आहोत. त्या दिवशी चहाला जे होते, त्यांनीही यावे.