ओसाड गाव, गजबजलेले शहर : एक सोयीस्कर द्वंद्व

‘ग्रामीण’ आणि ‘महानगरीय’ या कोटी मराठी समीक्षेने इतक्या निष्ठेने सांभाळल्या आहेत, की त्या केवळ वर्गीकरणाच्या सोयीसाठी निर्माण झाल्या होत्या याचाच विसर पडावा. कोकणावरचे लेखन आले की बंद घर, खळ्यात माजलेले रान, वाट पाहणारी म्हातारी. मुंबईवरचे आले की गर्दी आणि परात्मता. प्रबंधही याच दोन साच्यांतून निघतात, आणि मंजूर होतात.

जनगणना हे द्वंद्व मानत नाही. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आली, सिंधुदुर्गाचीही घटली. परंतु त्याच दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्याही सुमारे ३३.४ लाखांवरून ३०.९ लाखांवर उतरली, आणि ठाणे जिल्हा फुगला. १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली, जमिनींचे भाव चढले, आणि चाकरमान्याच्या पुढच्या पिढीला गिरणगावही सोडावे लागले. ओसाड होणे ही केवळ गावाची मिरासदारी नव्हे.

मुळात ही दोन स्थळे वेगळी होती कधी? गिरणगावात एका गावच्या पुरुषांनी मिळून खोली घ्यावी आणि पाळीनुसार आळीपाळीने पाठ टेकावी; गोमंतकीयांची धोबीतलाव परिसरातील ‘कूड’ तर गावाच्याच नावाने चाले. या खोलीला कोणत्या कोटीत बसवायचे? २०११ साली रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे अकराशेहून अधिक स्त्रिया होत्या, मुंबई शहरात साडेआठशेहून कमी. हे आकडे शेजारी ठेवल्याविना मनीऑर्डरवर चाललेल्या घराची कथा वाचणे म्हणजे अर्धे पान झाकून वाचणे होय.

तरीही ‘गारंबीचा बापू’ (१९५२) प्रादेशिकांच्या कप्प्यात, जयंत पवारांचे ‘अधांतर’ महानगरीयांच्या. दोहोंना एकाच प्रश्नात आणणारी प्रश्नपत्रिका माझ्या तरी पाहण्यात नाही.

साहित्य म्हणजे समाजशास्त्र नव्हे, असा आक्षेप येईलच. मान्य. पण ‘बंद घर’ या प्रतिमेला नियतीचे, कालप्रवाहाचे अर्थ चिकटवणारी समीक्षा कोणत्या अर्थाने अधिक साहित्यिक ठरते? ते घर बहुधा कुलूपबंद राहते, कारण सामाईक सातबाऱ्यावर मुंबई-ठाण्यातल्या अनेक हिस्सेदारांची नावे असतात. एकाला ते विकता येत नाही आणि एकट्याने दुरुस्त करण्यात कुणाला स्वारस्य नसते. गणपतीत मात्र ते सारे तिथे उतरतात, आणि वादही तिथेच होतात. त्या वादाची भाषा, तिच्यातील मालवणी आणि मुंबईची मराठी यांची सरमिसळ, हा आपल्या शैलीविचाराचा विषय अजून झालेला दिसत नाही.