नोंद कुणासाठी? संगणकीय केसपेपरचा विस्मृतीत गेलेला इतिहास

१/ रुग्णालयात संगणक आला की केसपेपर आपोआप सुधारतो, असा सार्वत्रिक समज आहे. इतिहास वेगळे सांगतो. संगणकीय रुग्णनोंदींची १९६० आणि १९७० ची दशके ही यंत्राच्या विजयाची कहाणी नाही. ‘नोंद नेमकी कुणासाठी ठेवायची?’ या प्रश्नावरील झगड्याची ती कहाणी आहे. हा थ्रेड त्याविषयी.

२/ त्या काळातील अमेरिकन रुग्णालयाचा केसपेपर म्हणजे अनेक हातांनी भरलेली चळत होती. डॉक्टरांची टिपणे एकीकडे, परिचारिकांची दुसरीकडे, प्रयोगशाळेचे अहवाल तिसरीकडे. रुग्णाच्या तक्रारी एकूण किती, त्यांपैकी कशाचा विचार झाला आणि काय निसटले, हे त्यातून हाती लागणे कठीण असे.

३/ लॉरेन्स वीड यांनी नेमके यावर बोट ठेवले. १९६८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधील दोन भागांच्या लेखात त्यांनी मांडले, की नोंद रुग्णाच्या समस्यांनुसार रचावी. रुग्ण काय सांगतो, तपासणीत काय आढळले, त्यावरून निदान काय आणि पुढे काय करायचे, हे प्रत्येक समस्येखाली लिहावे. ‘सोप’ या आद्याक्षरांनी वैद्यकीय विद्यार्थी आजही ही चौकट शिकतात.

४/ या कल्पनेला संगणकाची गरज नव्हती. कागद आणि पेन पुरेसे होते. आधी विचाराची मांडणी बदलली, यंत्र तिच्यामागून आले. आज अनेक ठिकाणी हा क्रम उलटा दिसतो. चळत तीच राहते, फक्त पडद्यावर जाते.

५/ याच सुमारास बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ऑक्टो बार्नेट यांच्या प्रयोगशाळेत दुसरा प्रश्न सोडवला जात होता. एका रुग्णाच्या दोन तपासण्या होतात, दुसऱ्याच्या दोनशे. ठरावीक रकान्यांच्या तक्त्यात हे बसत नाही. १९६६-६७ मध्ये नील पापालार्डो आणि सहकाऱ्यांनी ‘मम्प्स’ ही भाषा घडवली. तीत माहिती झाडाच्या फांद्यांसारखी साठते आणि जे नाही त्याला जागा लागत नाही.

६/ त्याच प्रयोगशाळेची ‘कोस्टार’ ही बाह्यरुग्णांसाठीची प्रणाली. तिच्यात डॉक्टर कागदी फॉर्म भरत आणि लिपिक तो संगणकात उतरवत. आज हे मागासलेले वाटेल. पण डॉक्टरांची नजर रुग्णाकडे राहावी, यंत्राकडे नव्हे, हे शहाणपण त्यात होते.

७/ आता एक अपयश. वीड व्हर्मॉन्ट विद्यापीठात गेले आणि तिथे ‘प्रॉमिस’ ही प्रणाली उभी राहिली. १९७० च्या दशकाच्या आरंभीच तिच्यात स्पर्शाने चालणारे पडदे होते. तरीही ती फारशी पसरली नाही. प्रत्येक पाऊल पडद्याने आखलेल्या वाटेनेच टाकावे लागते, वेळ जातो आणि स्वतःच्या निर्णयाला वाव राहत नाही, अशी निवासी डॉक्टरांची तक्रार होती.

८/ म्हणजे प्रणाली डॉक्टरने घडवली एवढ्याने ती डॉक्टरांची होत नाही. वापरणाऱ्याला ती वाकवता आली नाही, तर उत्तम कल्पनाही जाच ठरते. वीड यांचे निदान अचूक होते, उपचाराची मात्रा जड झाली.

९/ इंडियानापोलिस येथील रीजनस्ट्रीफ इन्स्टिट्यूटमध्ये क्लेमेंट मॅकडॉनल्ड यांनी १९७२ पासून नम्र वाट धरली. संगणकाने डॉक्टरांना फक्त आठवण करून द्यायची. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात नऊ डॉक्टर होते. आठवण दिली तेव्हा ५१ टक्के प्रसंगी त्यांनी आवश्यक ती दखल घेतली. दिली नाही तेव्हा २२ टक्के.

१०/ मॅकडॉनल्ड यांचा निष्कर्ष टोचणी देणारा नाही, दिलासा देणारा आहे. चुका आळसामुळे वा अज्ञानामुळे होत नव्हत्या. माहितीचा भार माणसाच्या आवाक्याबाहेर गेला होता. नोंदीचे काम पहारेकऱ्याचे नाही, सोबत्याचे आहे, असा याचा अर्थ घ्यायला हवा.

११/ सर्वांत नाट्यमय प्रकरण अमेरिकेतील माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांचे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तेथील काही डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि प्रोग्रामर यांनी लहान संगणकांवर ‘मम्प्स’मध्ये स्वतःच्या गरजेचे प्रोग्राम लिहायला घेतले. मध्यवर्ती संगणक विभागाने विरोध केला, कामे बंद पाडली. काहींच्या नोकऱ्याही गेल्या.

१२/ तरी प्रोग्राम एका रुग्णालयातून दुसऱ्यात जातच राहिले. गुलामांना पळून जाण्यास मदत करणाऱ्या गुप्त जाळ्याचे ‘अंडरग्राउंड रेलरोड’ हे नाव या मंडळींना मिळाले. १९८२ मध्ये या कामाला अधिकृत मान्यता मिळाली. पुढे त्यातूनच ‘व्हिस्टा’ ही प्रणाली आकाराला आली.

१३/ विरोधकांचा मुद्दा पोकळ नव्हता. शंभराहून अधिक रुग्णालयांनी आपापल्या तऱ्हा चालवल्या तर एकाची नोंद दुसऱ्याला कळणार कशी? उत्तर मात्र बंदीत नव्हते. जॉर्ज टिमसन यांच्या ‘फाइलमॅन’ने माहितीची सामायिक मांडणी दिली आणि स्थानिक भरही मोकळी ठेवली. शिस्त पायात, मोकळीक माथ्यावर.

१४/ याचे फळ नंतर दिसले. १९९२ मध्ये कॅन्ससमधील टोपेका येथील स्यू किनिक या परिचारिकेने भाड्याची मोटार परत करताना बारकोड वाचला जाताना पाहिला. औषध देतानाही हेच का करू नये, असे तिला सुचले. तिच्या रुग्णालयाने ते करून दाखवले आणि पुढे माजी सैनिकांच्या सर्व रुग्णालयांनी ते उचलले. परिचारिकेची सूचना प्रोग्रामरपर्यंत पोहोचेल, अशी जागा तिथे होती.

१५/ भारतात ‘आयुष्मान भारत डिजिटल मिशन’ची देशव्यापी घोषणा २७ सप्टेंबर २०२१ रोजी झाली. १४ अंकी आभा क्रमांक अनेकांच्या मोबाइलमध्ये आहे. जोडणी आवश्यकच आहे. पण क्रमांक म्हणजे नोंद नव्हे. बिल आणि विमा यांसाठी भरलेले रकाने रुग्णाची हकीकत सांगत नाहीत.

१६/ म्हणून नवी प्रणाली विकत घेताना पहिला प्रश्न किमतीचा नसावा. रात्रपाळीच्या परिचारिकेला त्यातली चूक दाखवता येईल का, दाखवली तर ती दुरुस्त कोण करील, आणि रुग्णाला स्वतःची नोंद वाचता येईल का, हे आधी विचारावे. बॉस्टन, व्हर्मॉन्ट, इंडियानापोलिस आणि टोपेका यांनी पुष्कळ किंमत मोजून हे प्रश्न शिकवले. ते पुन्हा पहिल्यापासून शिकण्याची आपल्याला गरज नाही.