मेमरी कार्ड ही हातगाडी, गोदाम नव्हे

ठाणे, मुंब्रा, भिवंडी आणि कल्याण-डोंबिवली या पट्ट्यात कापडाचा किंवा भरतकामाचा धंदा करणाऱ्या आमच्या बांधवांना एक साधा प्रश्न विचारावासा वाटतो. पंधरा वर्षांपूर्वी आपण जे डिझाइन काढले, त्याचा फोटो आज गिऱ्हाइकासमोर ठेवता येईल काय? अनेकांच्या गल्ल्यात त्या वेळचा छोटा डिजिटल कॅमेरा आणि त्याची दोन-चार कार्डे पडून आहेत. ती उघडतात की नाही, हे पाहण्यास कोणाला सवड नाही.

व्यापाऱ्याजवळ निदान खातेवही व शेड कार्ड असते. कारागिराचे तसे नाही. जरीचे काम पुरे झाले की माल हाताबाहेर जातो आणि त्याच्या हुन्नराचा पुरावा म्हणून मागे उरतो तो केवळ फोटो. उद्या तीच नक्षी दुसऱ्याने आपली म्हणून विकली, किंवा जुन्या गिऱ्हाइकाने पुन्हा मागितली, तर तो काय दाखवणार? म्हणून हा विषय आम्ही हौसेचा नव्हे, धंद्याचा मानतो.

मेमरी कार्ड माल वाहून नेण्यासाठी आहे, साठवण्यासाठी नाही. त्यात फोटो सूक्ष्म विद्युतभाराच्या रूपाने राहतो आणि कार्ड वर्षानुवर्षे पडून राहिले तर तो भार हळूहळू झिरपत जातो. शिवाय कार्डांच्या जाती अनेक. सोनीचे मेमरी स्टिक १९९८ चे, तर ऑलिम्पस व फुजीफिल्म यांचे एक्सडी कार्ड २००२ चे. १९९९ मध्ये जाहीर झालेले एसडी कार्ड तेवढे सर्वत्र टिकले. त्यातही २ जीबीपर्यंतचे जुने एसडी, २००६ पासूनचे ३२ जीबीपर्यंतचे एसडीएचसी आणि २००९ मध्ये आलेले त्याहून मोठे एसडीएक्ससी असे भेद आहेत. जुन्या रीडरमध्ये नवे कार्ड घातले तर ते ओळखले जात नाही आणि संगणक विचारतो, फॉरमॅट करू काय? तेथे ‘नाही’ म्हणावे व दुसरा रीडर आणावा. कार्ड लावण्याआधी त्याच्या कडेची छोटी खिट्टी ‘लॉक’कडे सरकवली, तर चुकून काही पुसले जाण्याची भीती राहत नाही.

चुकून फोटो पुसले गेलेच, तर त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नये. पुसताना बहुधा अनुक्रमणिकेतली नोंद जाते, मजकूर लगेच जात नाही. त्यावर नवे काही लिहिले गेले नाही, तोवर जाणकाराकडून तो परत मिळण्याची आशा असते.

स्वस्त नकली कार्डांपासूनही सावध राहावे. वर ६४ जीबी छापलेले, आत जागा ८ जीबीची. ती संपली की पुढच्या फोटोंची नुसती नावे दिसतात, फोटो उघडत नाहीत. आपण तागा मोजल्याशिवाय घेत नाही. मग नवे कार्ड एकदा पूर्ण भरून, सर्व फोटो उघडून पाहिल्याशिवाय कामाला का लावावे?

आता फोटो पाठवण्याविषयी. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो. विणीची बारकाई, टाक्यांची सफाई त्यात हरवते. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ रूपात पोहोचतो. मात्र रंगाच्या बाबतीत फोटोवर विसंबून सौदा पक्का करू नये. प्रत्येक पडद्यावर रंग निराळा दिसतो. डोंबिवलीच्या प्रोसेस हाऊसमध्ये रंगाचा वाद उभा राहिला तर तेथे कापडाची कात्रणच कामी येते.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. २६ जुलै २००५ च्या पुरात कल्याण, बदलापूर, भिवंडी येथील घरांत व दुकानांत पाणी शिरले. २०१९ च्या जुलैत उल्हास नदीने बदलापूर परिसर पुन्हा बुडवला. पाणी कागदाची वही सोडत नाही, तसा संगणकही सोडत नाही. म्हणून फोटोंच्या दोन प्रती ठेवाव्यात: एक दुकानातल्या संगणकावर, दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि ती डिस्क दुकानात न ठेवता घरी, शक्यतो वरच्या मजल्यावर. वर्ष, माल आणि पार्टी यांच्या नावाने फोल्डर करावेत, म्हणजे शोधताना वेळ जात नाही.

हे काम आपल्या मुलामुलींना सहज जमते. त्यांना एखाद्या सुट्टीच्या दिवशी अवश्य बसवावे. पण आपणही शेजारी बसावे. कोणता फोटो कोणत्या मालाचा, कोणत्या साली काढला आणि तो कोणाच्या हातचा, हे सांगणारे घरात आपणच आहोत.