वेदीजवळचा गायक आणि पबमधला गायक

नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला गिटार वाजवून गाणारा तरुण आठवडाभराने, ३१ डिसेंबरच्या रात्री, तीच गिटार घेऊन एखाद्या पबमध्ये एकटा गायला बसला, की आमच्या धर्मग्रामांतून कुजबूज सुरू होते. पोराला वळण नाही, घरच्यांचे लक्ष नाही, देवाची देणगी बाटलीपुढे नेऊन ठेवली! हा निवाडा अन्यायाचा आहे, असे आम्हांला स्पष्टपणे म्हणावयाचे आहे.

पहिला आक्षेप असा की उपासनेचे वाद्य बाजारात नेले. परंतु गिटार उपासनेत आली तरी कधी? २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, संत सिसिलियेच्या सणादिवशी, पोप दहावे पायस यांनी काढलेल्या आज्ञापत्राने पियानोला आणि ढोल-झांजांसारख्या वाद्यांना मंदिरात मज्जाव केला होता. ऑर्गनखेरीज इतर योग्य वाद्यांना अधिकाऱ्यांच्या संमतीने वाट मोकळी करून दिली ती द्वितीय व्हॅटिकन परिषदेने, ४ डिसेंबर १९६३च्या उपासनाविषयक संविधानात. म्हणजे गिटार वेदीपासून बाजारात गेलेली नाही. ती बाजारातूनच वेदीपाशी आली आहे.

ज्या 'सायलेंट नाइट'वाचून आमचा नाताळ पुरा होत नाही, ते गीत २४ डिसेंबर १८१८ रोजी ऑस्ट्रियातील ओबेर्नडॉर्फ गावी प्रथम गायिले गेले, ते गिटारच्याच साथीवर. गीत योसेफ मोर या धर्मगुरूचे, चाल फ्रान्झ ग्रूबर या शिक्षकाची. पुढे ते दूरवर नेले कोणी? त्यात मोठा वाटा होता हातमोजे विकत जर्मनीच्या बाजारपेठांतून गाणाऱ्या श्ट्रासर कुटुंबाचा. त्यांना कोणी 'वळण नाही' म्हणून घरी बसविले असते तर?

दुसरा आक्षेप मद्याचा. तो आम्ही हलका मानीत नाही. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे आम्हीही पाहिली आहेत, आणि रोज रात्री प्याल्यांच्या संगतीत बसणाऱ्याला मोह होतो, हेही खरे. पण मग आमच्या लग्नांचे काय? तेथे पेले भरले जातात, डीजेच्या भिंती उभ्या राहतात, आणि त्या गोंगाटाला कोणी अधर्म म्हणत नाही. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल ठरवून दिली आहे. ती मोडताना आमची सद्सद्विवेकबुद्धी झोपलेली असते. आणि कोपऱ्यात स्टुलावर बसून, एका वाद्यावर आणि एका गळ्यावर चार तास माणसांना शांत ठेवणारा मात्र पापी! पिणारा प्रतिष्ठित आणि गाणारा बदनाम, हा कोणता न्याय? संत फ्रान्सिस असिसीकर आपल्या बंधूंना 'देवाचे भाट' म्हणत. भाटाने श्रोते निवडावेत, असे त्यांनी सांगितल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

वाशिम जिल्ह्यापुरते बोलायचे तर मुंबई-पुण्याची पबसंस्कृती तेथे नाही. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात गळ्यावर जगू पाहणाऱ्याला अकोला, नागपूर, पुणे हीच वाट धरावी लागते. तीही वर्षाअखेर, व्हॅलेंटाइन डे अशा मोजक्या दिवसांपुरती. पण एकट्याने गाऊन पोट भरणे या मातीला परके नाही. वासुदेव, डौरावर गाणारा भराडी, बंजारा तांड्यांतून वंशावळी गाणारा ढाडी, हे सारे एकल गायकच होते. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. वारसा जपला जातो, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु गायकाला संग्रहालयात मान आणि हयातीत उपेक्षा, ही आपली जुनी खोड काही जात नाही.

खरा अपराध घडतो तो मोबदल्याच्या बाबतीत, आणि त्यात पबमालकाबरोबर आम्हीही भागीदार आहोत. गायकवृंदात वर्षानुवर्षे 'सेवा' म्हणून गाऊन घ्यायचे. लग्न, बारसे, रौप्यमहोत्सव येथेही 'आपलाच मुलगा' म्हणून पाकिटात नारळाची किंमत घालायची. मंडपवाल्याला आणि आचाऱ्याला मात्र आगाऊ रक्कम! मग 'तुझे नाव होईल' असे सांगून मालकाने त्याला फुकट गाऊन घेतले, तर त्याला बोल लावण्याचा अधिकार आम्हांला कोठे उरतो? मजूर आपल्या मजुरीस पात्र आहे, हे शुभवर्तमानाचे वचन गळ्याने मजुरी करणाऱ्यालाही लागू आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. पालकांनी मुलाला 'जाऊ नकोस' म्हणण्यापेक्षा त्याच्या हाती चार अटी द्याव्यात. मानधन, प्रवासखर्च, जेवण आणि वेळ लेखी ठरवावी. अर्धी रक्कम आधी घ्यावी. उघड्यावर ध्वनिवर्धक असेल तर रात्री दहाची मर्यादा पाळावी. शासनाने सवलत दिलेल्या दिवशीच मध्यरात्रीपर्यंत जावे. संमतीवाचून मालकाला कार्यक्रमाचे चित्रण करून धंद्यासाठी वापरू देऊ नये. कलाकाराचा हा हक्क १९९४च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्यात आलेला आहे. आणि चौथी अट आमच्याकडून: मिस्साची गीते कोणाच्या फर्माइशीवर पेल्यांसमोर गाऊ नयेत. पावित्र्य जपायचे ते येथे. वाद्यात पाप नसते, जागेतही नसते. मनाने कोठे थांबायचे ते ठाऊक असले पाहिजे.

१ जानेवारी हा देवमातेचा सण. त्या सकाळी रात्रभराचा जागा तो तरुण डोळे चोळत मिस्साला येईल. त्याच्याकडे वळून पाहण्याआधी आदल्या रात्री आपण स्वतः कोठे होतो, याचा प्रत्येकाने विचार करावा. आणि गीत त्यानेच म्हणावे अशी इच्छा असेल, तर त्याचा मान त्याला आधी द्यावा.