कुत्र्याची जात आणि नागपूरचे ऊन

महागाई भत्त्याची थकबाकी ही वस्तू अशी आहे, की ती हाती पडण्यापूर्वीच घरात तिच्या वाटण्या झालेल्या असतात. यंदा दिवाळीच्या तोंडावर ती मिळणार अशी कुणकुण लागली मात्र, सौभाग्यवतींनी मिक्सर मागितला, थोरलीने चष्म्याची नवी फ्रेम मागितली आणि अकरावीतल्या चिरंजीवांनी मागितला हस्की! निळ्या डोळ्यांचा, लांडग्यासारखा दिसणारा, सायबेरियात बर्फावरून गाड्या ओढणारा कुत्रा. मी म्हटले, "अरे, आपण धरमपेठेत राहतो." तो म्हणाला, "मग एसी लावू ना, बाबा!" या 'लावू'चा कर्ता कोण, हे मराठीच्या प्राध्यापकाला कुणी समजावून सांगायला नको.

एरवी या सदरात मी शब्दांच्या आणि माणसांच्या कागाळ्या सांगतो. पण दिवाळी अंकात जागा जरा सैल मिळते आणि दिवाळीत मुलांसाठी पिल्लू आणण्याची टूम आता घरोघर निघाली आहे. तेव्हा चिरंजीवांना जे सांगितले तेच वाचकांनाही सांगावे म्हणतो. त्यातला बराचसा भाग मी पुस्तकातून शिकलेला नाही. आमच्या गुंड्याच्या जिवावर बेतले तेव्हा शिकलो.

गुंड्या हा आमचा पग. 2003 साली एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एक पोरगा आणि त्याच्या मागे मागे फिरणारा एक चपट्या तोंडाचा कुत्रा दिसू लागला आणि साऱ्या देशाने तो कुत्रा डोक्यावर घेतला. आम्ही बरेच उशिरा, पण त्याच जाहिरातीच्या आठवणीने, पाच वर्षांपूर्वी गुंड्याला घरी आणले. लहानसा, कमी केसांचा, भुंकणे बेताचे. मध्यमवर्गीय घराला साजेसा वाटला. त्याच्या घोरण्याचे तर आम्ही पाहुण्यांपुढे कौतुक करीत असू. श्वास घ्यायला त्रास होतो म्हणून तो बिचारा घोरत होता, हे आम्हाला ठाऊक नव्हते.

त्यानंतरच्या मे महिन्यात, नवतपा चालू असताना, आम्ही सगळे एका लग्नाला गेलो. गुंड्याला पुढच्या खोलीत कूलर लावून ठेवले होते. मागे वीज गेली. तीन तासांनी परतलो तो गुंड्या दाराशी आडवा पडलेला, जीभ जांभळी, तोंडातून चिकट लाळ, डोळे कुठे तरी भलतीकडेच. थोरली मोठ्याने रडू लागली. शेजारच्या आजी धावत आल्या. त्यांनी पाहताक्षणी निदान केले, "याले ऊन लागलं जी, सर! थांबा, मी कांद्याचा रस आणतो." आणि खरोखरच वाटीत रस घेऊन त्या आल्याही.

नागपुरात वाढलेल्या माणसाची कांद्यावर किती श्रद्धा असते, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांना सांगून पटायचे नाही. उन्हात निघताना खिशात कांदा टाकूनच आम्ही लहानाचे मोठे झालो. मी चमचा हातात घेतलाही होता. तेवढ्यात सौभाग्यवतींनी लावलेला डॉक्टरांचा फोन लागला आणि पलीकडून पहिले वाक्य आले, "तोंडात काही घालू नका!" साध्या नळाच्या पाण्याने सर्वांग भिजवा, पोट आणि पाय जास्त भिजवा, बर्फ लावू नका, वारा घाला आणि तसेच ओले घेऊन या. चिरंजीव वर्तमानपत्राने वारा घालीत आणि मी मांडीवर ओले कुत्रे घेऊन, लग्नातल्या झब्ब्यानिशी रिक्षात बसलो. दोन दिवस सलाईन चालले, तेव्हा कुठे गुंड्या परत आला.

कांदा कुत्र्यामांजरांना विष आहे, हे मला त्या दवाखान्याच्या बाकावर समजले. कच्चा असो, शिजवलेला असो की भाजीच्या रश्शातला असो, तो त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. लसूणही त्याच पंगतीतला. आजींना मी हे अजून सांगितलेले नाही. त्यांनी जीव वाचवायलाच वाटी आणली होती.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट समजावली. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. थोडासा फक्त पंजांच्या तळव्यांना येतो. त्याचे अंग मुळातच 38 ते 39 अंश गरम असते आणि वाढलेली उष्णता तो धापा टाकून, जिभेवाटे आणि नाकावाटे बाहेर टाकतो. पगच्या नाकाची लांबी माणसाने निवडून निवडून पैदास करीत काढून टाकली; आतला पडदा मात्र पूर्वीइतकाच लांब राहिला. म्हणजे घराला धुराडे नाही आणि चूल पेटलेली! बुलडॉग, शिह त्झू आणि बॉक्सर यांचीही कमीअधिक हीच तऱ्हा. शरीराची उष्णता 41 अंशांवर गेली की जिवाला धोका. आणि आमच्या गावी नुसत्या हवेचा पारा 2013 च्या मे महिन्यात 47.9 पर्यंत गेला होता. 2024 च्या मे अखेरीस तर इथल्या एका स्वयंचलित यंत्राने 56 अंश दाखवून देशभर खळबळ उडवली. मागाहून हवामान खात्याने यंत्र बिघडल्याचा खुलासा केला. यंत्रालाही ऊन लागले असेल!

तेव्हा कुत्रा घेण्याआधी त्याचा फोटो पाहू नये, त्याचा मूळ गाव आणि मूळ धंदा विचारावा, असे माझे मत झाले आहे. मुलीला स्थळ पाहताना आपण नाही का विचारत! हस्कीच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, वरचा राठ आणि आतला लोकरीसारखा. उन्हाळ्यात ते भादरून टाकावेत असे काही लोक सुचवतात. पण तसे केले तर उन्हापासूनची होती ती आडही जाते. शिवाय तो मैलोगणती धावायला घडलेला. त्याला तिसऱ्या मजल्यावर ठेवले तर तो सोफा फाडतो आणि मग आपण त्यालाच द्वाड ठरवतो.

लॅब्राडोर हा न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांचा सोबती. स्वभाव गोड, पोरांत रमणारा. त्याचे दुखणे म्हणजे खादाडपणा. त्यालाही कारण आहे: 2016 साली केंब्रिजच्या संशोधकांना जवळजवळ चौथा हिस्सा लॅब्राडोरांमध्ये भूक आणि वजन यांच्याशी संबंधित एका जनुकाचा तुकडा गळालेला आढळला. पुष्कळांचे पोट भरते, पण भरल्याचे त्यांना कळतच नाही. माझ्या परिचयाच्या काही प्राध्यापकांचीही तपासणी करायला हवी. लॅब्राडोरने डोळ्यांत पाणी आणून पाहिले तरी वाटी मोजूनच घालावी, नाहीतर सांधे जातात. जर्मन शेफर्डच्या पिल्लाचे तर आईबाप पाहूनच घ्यावे. खुब्याचा दोष त्या घराण्यात पुष्कळ चालतो.

पांढऱ्या 'पॉमेरियन'विषयी एक गैरसमज आहे. 1994 च्या 'हम आपके हैं कौन' मध्ये गाजलेला टफी, आणि त्याच्या आगेमागे आपल्या वाड्या-चाळींत नांदलेले त्याचे भाऊबंद, हे खरे पॉमेरियन नव्हतेच. ते इंडियन स्पिट्झ. दिसायला लोकरीचा गुंडा, पण पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच हवेत वाढलेला आणि भात-पोळीवर निभावून नेणारा.

आणि अस्सल आपला म्हणावा असा जातिवंत म्हणजे कारवानी. मराठवाड्यात आणि सोलापूर-सांगलीकडच्या माळरानांवर दिसतो तो: सडपातळ, खोल छातीचा, वेताच्या छडीसारखा, सशामागे वाऱ्यासारखा सुटणारा. कर्नाटकात मुधोळच्या घोरपडे राजांनी याच रक्ताची जोपासना केली आणि तो 'मुधोळ' म्हणून नावारूपाला आला. 2005 साली टपाल खात्याने त्याचे तिकीट काढले. पुढे लष्करानेही त्याला शिक्षणासाठी मेरठला नेले. त्याच्या बरगड्या दिसतात म्हणून लोक त्याला उपाशी समजतात. ती त्याची ठेवणच आहे. पण ज्याच्याकडे धावायला मोकळी जागा नाही, त्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. साखळीचे त्याच्याशी जमत नाही आणि परक्याने अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही.

मांजरांविषयी थोडक्यात लिहितो, कारण आमच्या घरी मनी आहे ती कुठल्याच जातीची नाही. पावसाळ्यात थोरलीने गटाराच्या कडेवरून उचलून आणलेली. जातिवंतांत पर्शियन मांजरे फार खपतात. त्यांचीही नाके चपटी, तेव्हा वरचे सारे त्यांनाही लागू. शिवाय रोज विंचरले नाही तर केसांच्या जटा होतात. आमची पंचाईत निराळीच झाली. घर शाकाहारी. सासूबाईंनी मनीला दूध-पोळीवर ठेवले. कुत्र्याचे पोळीवर भागते. माणसाबरोबर राहून राहून त्याला पिष्ट पचवण्याची शक्ती आली, असे 2013 साली स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलेच आहे. मांजराचे तसे नाही. टॉरीन नावाचे द्रव्य त्याला मांसातूनच मिळते आणि ते तुटले तर डोळे आणि हृदय दोन्ही जातात. दूधही बहुतेक मोठ्या मांजरांना बाधते. शेवटी तडजोड झाली: विकतचे खाद्य, निराळी वाटी, निराळा चमचा, आणि ते वाढायच्या वेळी सासूबाईंचा जप चालू! आणि हो, मांजराला बरे नाही म्हणून आपल्या तापाच्या गोळीतला तुकडा कधीही देऊ नये. पॅरासिटॅमॉल त्याला प्राणघातक आहे.

पिल्लू आणायचेच असेल तर आठ आठवडे पुरे होण्याआधी आणू नये; ते विकण्याला 2017 च्या नियमांनी बंदीच आहे. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची असताना, पुढच्या तीन-चार आठवड्यांच्या अंतराने आणि तीन महिन्यांची झाली की रेबीजची. नागपूरकरांना सेमिनरी हिल्सवर 1958 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पिल्लाची किंमत देण्याआधी तिथे कुणाशी चार शब्द बोलून यावे.

हे सगळे ऐकून चिरंजीव तीन दिवस माझ्याशी अबोला धरून होते. मग परवा ते आपल्या एका मित्राकडे हस्की पाहायला गेले. परत आले ते गप्प गप्प. जेवताना आपणहून म्हणाले, "बाबा, तो दिवसभर न्हाणीघरात ओल्या फरशीवर झोपतो. बाहेर यायलाच तयार नाही." मी काही बोललो नाही. सौभाग्यवतींचा मिक्सर नक्की झाला, एवढे माझ्या ध्यानात आले.

आता घरात दिवाळीची तयारी चालली आहे. करंजीच्या सारणातल्या बेदाण्यांचा डबा वरच्या फळीवर गेला आहे, कारण द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक. चॉकलेटची पेटीही तिथेच. लक्ष्मीपूजनाच्या रात्री गुंड्या आणि मनी या दोघांची सोय मधल्या खोलीत करायची असे ठरले आहे. खिडक्या बंद, पलंगाखाली जुनी सतरंजी. कूलर एरवी दसऱ्यालाच माळ्यावर जातो, पण यंदा चिरंजीवांनी तो ठेवायला लावला आहे. पाणी न घालता नुसताच चालू ठेवला, की त्याच्या घरघरीत बाहेरचे फटाके निम्मे बुडतात, असा त्यांचा शोध आहे.