भिंतीऐवजी चढ

स्वित्झर्लंडमध्ये लोझानच्या तंत्रविद्यापीठात 2010 साली उघडलेलं रोलेक्स लर्निंग सेंटर म्हणजे 166 मीटर लांब आणि 121 मीटर रुंद असं जवळपास एकसंध दालन. त्याची जमीनच टेकडीसारखी चढते-उतरते. ग्रंथालय, अभ्यासाच्या जागा, कॅफे, पुस्तकांचं दुकान, नोकरीबाबतचं मार्गदर्शन, सगळं एका छताखाली. मधे भिंती जवळजवळ नाहीतच. कॅफेतला गलका वाचणाऱ्यापर्यंत पोचू नये, हे काम चढानं करायचं. उजेडासाठी छताला 14 गोलसर भोकं पाडून आत अंगणं काढली आहेत. टेबलं-कपाटं उतारावर कशी उभी राहणार? त्यांना सपाट जागा करून दिल्या. उरलेल्या गालिच्यावर पोरं लॅपटॉप घेऊन खुशाल लोळतात. आरेखन काझुयो सेजिमा आणि रियुए निशिझावा या जपानी जोडीचं. त्याच वर्षी त्यांना प्रित्झ्कर पुरस्कारही मिळाला. कल्पना झकासच, पण चाकाच्या खुर्चीसाठी उताराच्या कडेनं वेगळ्या तिरक्या लिफ्ट बसवाव्या लागल्या. सगळ्यांना मोकळं फिरता यावं म्हणून भिंती काढायच्या आणि एकानं मात्र बटण दाबून ताटकळायचं, हे काही आपल्याला पटलं नाही बुवा.